प्रोस्टेटच्या एमआरआयवरचा काळा डाग: कॅन्सर की दुसरंच काही?

प्रोस्टेटच्या एमआरआयवर काळ्या दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ. कॅन्सर काळा दिसतो. जुनी सूज काळी दिसते. बायोप्सीनंतर साकळलेलं रक्त काळं दिसतं. वयोमानाने वाढणाऱ्या साध्या गाठींपैकी कित्येक काळ्या असतात, आणि काही भाग तर जन्मतःच काळे. त्यामुळे "काळं दिसतंय म्हणजे संशयास्पद" असं धरून चाललात तर दिवसाला चार पेशंट विनाकारण बायोप्सीला जातील.

ब्रिटनमध्ये झालेल्या प्रॉमिस अभ्यासाचे २०१७ चे आकडे बघा. ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय केला, मग सगळ्यांची सविस्तर बायोप्सी. उपचाराची गरज पडावी अशा कॅन्सरसाठी एमआरआयची सेन्सिटिव्हिटी (असलेला कॅन्सर पकडण्याची क्षमता) ९३ टक्के आली. नेहमीच्या अल्ट्रासाउंड बायोप्सीची ४८. पण एमआरआयची स्पेसिफिसिटी (नसेल तेव्हा नाही म्हणण्याची क्षमता) फक्त ४१ टक्के. म्हणजे कॅन्सर सहसा सुटत नाही, पण साध्या टिश्यूवर आळ घ्यायची सवय या तपासणीला आहे. ती कमी करणं वाचणाऱ्याच्या हातात असतं, आणि हे टिपण त्यासाठीच आहे. प्रॉमिसची मशिनं १.५ टेस्लाची होती (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) हेही लक्षात ठेवा. आमच्या सोलापुरात काय किंवा लातूर-नांदेडला काय, "आपल्याकडे ३ टेस्ला नाही हो" हे रडगाणं मी फार ऐकून घेत नाही.

लिहितेय ते रेडिओलॉजीच्या रेसिडेंट्ससाठी आणि एकट्याने सेंटर सांभाळणाऱ्यांसाठी. पेशंटच्या घरच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त यावरून स्वतःच्या रिपोर्टचा निकाल लावू नका. त्यासाठी युरॉलॉजिस्ट आहेत.

पेशंटला टेबलवर घेण्याआधी

फॉर्मवर "पीएसए वाढलेला" (पीएसए म्हणजे रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन) एवढंच लिहून आलं असेल तर फोन उचला. किती वाढलाय? आधी किती होता? बायोप्सी झाली असेल तर कधी? बायोप्सीला सहा आठवडे झाले नसतील आणि घाई नसेल, तर पुढची तारीख द्या. रक्त साकळलेलं असताना टी-२ (रचना दाखवणारं चित्र) आणि डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारं चित्र) दोन्ही फसवतात.

मग गोळ्यांची पिशवी बघा. आपल्याकडे लघवीच्या तक्रारीसाठी टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची जोडगोळी सर्रास चालू असते, आणि पेशंट तिला "लघवीची गोळी" म्हणतो. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने-वर्षभर चालू असेल तर पीएसए साधारण निम्म्यावर येतो. कागदावरचा ४ खरा ८ असू शकतो. हा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो विचारला जात नाही.

आणखी दोन गोष्टी: कधी टीबी झाला होता का, आणि मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीचं (टीबीच्या लशीतल्या जंतूंचं) औषध मूत्राशयात सोडलं होतं का. कशासाठी, ते पुढे येईल.

आता गॅस. डिफ्युजनचे सिक्वेन्स वेगाने घ्यावे लागतात, आणि जिथे हवा आणि टिश्यू एकमेकांना भिडतात तिथे चित्र ताणलं जातं, वाकतं. रेक्टम (गुदाशय) प्रोस्टेटच्या अगदी पाठीला लागून, आणि बहुतेक कॅन्सर पाठच्याच बाजूला. म्हणजे नेमकी हवी ती जागाच बिघडते. आमच्याकडे टेक्निशियनला सक्त सूचना आहे: "काका, एकदा संडासला जाऊन या" हे सांगितल्याशिवाय गाऊन द्यायचा नाही. तरी सुरुवातीच्या लोकलायझर चित्रावर रेक्टम फुगलेला दिसला तर छोटा एनिमा द्या, थोडं थांबा आणि पुन्हा बघा. आतड्याची हालचाल फार असेल आणि काचबिंदू किंवा हृदयाची अडचण नसेल तर हायोसिनचं इंजेक्शन. हे सगळं करूनही चित्र वाकलं, तर फेज-एन्कोडिंगची दिशा बदलून डिफ्युजन परत घ्या. वेळापत्रक दहा मिनिटं पुढे सरकलं तर सरकू द्या.

काय घ्यायचं

टी-२ चे स्लाइस ३ मिमीचे, मध्ये गॅप नाही, आणि फील्ड ऑफ व्ह्यू १२ ते २० सेंटिमीटर. अख्खा पेल्व्हिस एका चित्रात कोंबलेला टी-२ प्रोस्टेटसाठी कुचकामी. अॅक्सियलच्या (आडव्या कापाच्या) जोडीला सॅजिटल (बाजूने) किंवा कोरोनल (समोरून), निदान एक तरी. मी दोन्ही घेते. डिफ्युजनचे स्लाइस ४ मिमीपर्यंत चालतात, पण जागा आणि कोन टी-२ चेच ठेवा, नाहीतर एकावर दिसलेला डाग दुसऱ्यावर शोधत बसाल.

बी-व्हॅल्यूंवर (डिफ्युजन पाण्याच्या हालचालीला किती संवेदनशील ठेवायचं तो आकडा) थोडं थांबू. पाणी किती मोकळं फिरतं ते आकड्यात दाखवणाऱ्या एडीसी नकाशासाठी कमी बी ५० ते १०० च्या आसपास आणि जास्त बी ८०० ते १०००. एडीसीच्या गणितात १००० च्या वरचा बी घालू नका, आकडे घसरतात. पण डाग उठून दिसायला १४०० किंवा त्याहून वरचं वेगळं चित्र लागतंच. १.५ टेस्लावर ते थेट घेतलं तर बऱ्याचदा नुसत्या मुंग्या (नॉइज) दिसतात. त्यापेक्षा ५०, ४०० आणि ८०० नीट अॅव्हरेज देऊन घ्या आणि १४०० कन्सोलवर गणिताने काढा. पाय-रॅड्सला, म्हणजे डागांना १ ते ५ संशयाचा स्कोअर देण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीला, ते मान्य आहे.

टी-१ वगळू नका. त्यावर प्रोस्टेटचे झोन दिसत नाहीत, पण रक्त पांढरं दिसतं, आणि लसिकाग्रंथी-हाडांवरही नजर फिरवता येते.

आधी झोन, मग सिग्नल

रेसिडेंट मुलं स्कॅन उघडल्या उघडल्या हाय-बीवरचा (जास्त बीच्या डिफ्युजन चित्रावरचा) चमकता ठिपका शोधतात. मी त्यांना आधी टी-२ वर झोनच्या सीमा बोटाने दाखवायला लावते. मागून आणि बाजूंनी वेढणारा पांढरा पट्टा म्हणजे पेरिफेरल झोन. सुमारे ७० ते ७५ टक्के कॅन्सर इथे. मूत्रनळीभोवतीचा गाठीगाठींचा भाग म्हणजे ट्रान्झिशन झोन. २० ते ३० टक्के इथे. वर बेसला, वीर्यनलिकांच्या भोवती सेंट्रल झोन. इथे कॅन्सर क्वचित. समोर स्नायू आणि तंतूंचा पडदा, अँटिरियर फायब्रोमस्क्युलर स्ट्रोमा. तिथे ग्रंथी नाहीतच.

झोन आधी का? कुठल्या सिक्वेन्सचं ऐकायचं ते झोनवर ठरतं. पाय-रॅड्सची २०१५ ची दुसरी आवृत्ती आणि २०१९ ची सुधारित २.१ यांचा कणा हाच आहे: पेरिफेरल झोनमध्ये डिफ्युजनचा शब्द शेवटचा, ट्रान्झिशन झोनमध्ये टी-२ चा.

कारण शरीररचनेत आहे. पेरिफेरल झोनच्या ग्रंथी पोकळ आणि द्रवाने भरलेल्या. पाण्याचे रेणू तिथे मोकळे फिरतात, म्हणून टी-२ वर पांढरं आणि एडीसी जास्त. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढून ती पोकळी बुजवतात, पाणी अडतं, एडीसी पडतो. ट्रान्झिशन झोनमध्ये मात्र साध्या स्ट्रोमल गाठीही दाट पेशींच्या असतात, तिथेही पाणी अडतं. त्यामुळे तिथे एडीसीवर एकट्यावर विसंबलात तर फसगत ठरलेली. तिथे आकार आणि कडा बघायच्या.

पेरिफेरल झोन

एडीसी आणि हाय-बी शेजारी शेजारी लावा. एकाच जागी एडीसी ठळक काळा, हाय-बी ठळक पांढरा आणि डाग गोळीबंद असेल, तर स्कोअर ४. तोच १.५ सेंटिमीटर किंवा मोठा असेल, किंवा प्रोस्टेटच्या बाहेर नक्की गेला असेल, तर ५. पाचरीसारखा किंवा रेघेसारखा असेल तर २. सूज, जुने व्रण, आकसलेल्या ग्रंथी अशा पसरतात. कडा पुसट पण सौम्य गोळीबंद डाग, किंवा दोघांपैकी एकावरच ठळक, तर ३.

दोन्हीवर पांढरं दिसलं तर तो टी-२ ची चमक हाय-बीवर उतरण्याचा प्रकार, अडथळा नाही. दोन्हीवर काळं दिसलं तर तिथे सिग्नलच नाही: तंतू, स्नायू, कॅल्शियम, रक्त. या जोड्या तोंडपाठ करा, निम्मी भीती तिथेच जाते.

एडीसीचा आकडा मोजताना मोजणीचं वर्तुळ डागाच्या आत, सगळ्यात काळ्या भागावर ठेवा, कडेला टेकू देऊ नका. साधारण ७५० ते ९०० मायक्रोमीटर वर्ग प्रति सेकंद याच्या खाली गेला की संशय वाढतो. पण हा आकडा मशीनगणिक, बी-व्हॅल्यूगणिक बदलतो. पुण्याच्या सेंटरचा ७२० आणि तुमचा ७२० एकच असेल असं नाही. आपल्या मशीनवर नॉर्मल पेरिफेरल झोनचा एडीसी किती येतो ते माहीत असू द्या आणि डागाची तुलना त्याच्याशी करा. एडीसीची विंडोही एकच ठरवून ठेवा. विंडो ओढून ओढून कुठलाही डाग काळा करता येतो.

ट्रान्झिशन झोन

इथे धीर लागतो. वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये पांढऱ्या, काळ्या, मिश्र गाठींचा नुसता बाजार भरलेला असतो. पण नेहमीच्या साध्या गाठीला भोवती वेढणारी बारीक काळी रेघ, म्हणजे कड असते. कड पूर्ण आणि गाठ गोल असेल, तर आत ती कितीही काळी असो, एडीसी कितीही पडलेला असो, स्कोअर १. कड जवळपास पूर्ण असेल, किंवा कड नाही पण गाठ एकजीव आणि रेखीव आहे, तर २. कड पूर्ण आहे हे एकाच अॅक्सियल स्लाइसवरून कधी ठरवू नका. सॅजिटल किंवा कोरोनलवर पडताळा.

कॅन्सर इथे कसा दिसतो? कोळशाने काढलेलं चित्र बोटाने पुसावं तसा: एकजीव, मध्यम काळा, कडा फिसकटलेल्या, कड नाही. आकार बहुधा भिंगासारखा चपटा, आणि तो आसपासच्या गाठींना ढकलत नाही, त्यांच्यावरून पसरतो. बऱ्याचदा समोरच्या बाजूला असतो. नेहमीच्या बायोप्सीची सुई पाठीमागून जाते, ती तिथपर्यंत पोचतेच असं नाही. दोनदा बायोप्सी निगेटिव्ह आणि पीएसए चढताच असेल, तर समोरचा भाग दोनदा बघा.

डिफ्युजनला इथे दुय्यम मान. टी-२ वर २ असलेल्याला डिफ्युजन ४ किंवा ५ आला तर एकूण ३. टी-२ वर ३ असेल आणि डिफ्युजन ५, तर एकूण ४. बाकी ठिकाणी टी-२ चाच स्कोअर कायम.

सोंगं घेणारे

सेंट्रल झोन. टी-२ वर काळा, एडीसीवर काळा, नवख्याला हमखास चकवतो. ओळख म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा आणि वीर्यनलिकांच्या कडेला. कोरोनलवर मिशीसारखा दिसतो. मधली वाढ मोठी असेल तर तो एका बाजूला ढकलला जातो आणि एकतर्फी दिसतो. तेव्हाही कोरोनलच उघडा.

समोरचा स्ट्रोमा काळा, पण हाय-बीवर पांढरा होत नाही आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं गॅडोलिनियमचं औषध) लवकर घेत नाही. तो एका बाजूला फुगला किंवा हाय-बीवर उजळला, तर स्ट्रोमा म्हणून सोडू नका.

बाजूच्या शिरांचं जाळं आणि नसांची जुडगी आडव्या कापात गोळीसारखी दिसतात. वर-खाली चार स्लाइस फिरवा, नळीसारखी पुढे जाताना दिसतील. पेरिफेरल झोनमध्ये घुसलेली साधी गाठही भेटते: गोल, कड पूर्ण, आत मिश्र रंग.

रक्ताची गंमत वेगळी. नॉर्मल पेरिफेरल झोनमध्ये सायट्रेट भरपूर, आणि ते रक्त गोठू देत नाही, त्यामुळे बायोप्सीनंतर तिथे रक्त रेंगाळतं आणि टी-१ वर पांढरं दिसतं. कॅन्सरमध्ये सायट्रेट कमी. म्हणून सगळीकडे पांढरं आणि मध्येच एक बेट कोरडं राहिलं, तेच बेट टी-२ वर काळं, तर तिथे बोट ठेवा.

आता टीबी आणि बीसीजी. त्यांच्यामुळे होऊ शकणारी प्रोस्टेटची सूज, ग्रॅन्युलोमॅटस प्रोस्टेटायटिस, हा यातला सगळ्यात पक्का बहुरूपी. एडीसी पडतो, हाय-बी चमकतो, कॉन्ट्रास्ट लवकर घेतो, कधी कधी प्रोस्टेटच्या बाहेरही गेल्यासारखा दिसतो. आपल्या भागात टीबीचा इतिहास निघतोच. चित्रावरून त्याची आणि कॅन्सरची खात्रीने फारकत करता येत नाही. इथे माझं मत स्पष्ट आहे: इतिहास ऐकून स्कोअर खाली आणू नका. ४ असेल तर ४ च द्या, आणि खाली लिहा की बीसीजी किंवा टीबीचा इतिहास आहे, ग्रॅन्युलोमॅटस आजाराची शक्यता धरावी, बायोप्सीत त्या अंगाने तपासावं. पॅथॉलॉजिस्टला ती एक ओळ फार कामाची पडते.

एक स्कॅन उलगडून

तपशील थोडे बदलून एक स्कॅन सांगते. सदुसष्ट वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले काका, बार्शीकडचे. पीएसए ७.२. प्रोस्टेट ५.१ × ४.४ × ५.३ सेंटिमीटर; गुणाकार करून ०.५२ ने गुणलं की ६२ सीसी. ७.२ भागिले ६२ म्हणजे पीएसए डेन्सिटी ०.१२. सीमा ०.१५ ची धरतात, म्हणजे वरवर निवांत. पण पिशवीत ड्युटास्टेराइड निघालं, दोन वर्षं चालू. म्हणजे खरा पीएसए चौदाच्या घरात. औषधाने प्रोस्टेटही आकसतो, त्यामुळे डेन्सिटीचा हिशेब नुसता दुप्पट करून चालत नाही, पण ०.१२ वर निवांत बसता येत नव्हतं.

स्कॅनवर तीन डाग. पहिला ट्रान्झिशन झोनमध्ये १४ मिमी, टी-२ वर कुट्ट काळा, एडीसी ७०० च्या आसपास. रेसिडेंटने त्यावरच बोट ठेवलं. कोरोनल आणि सॅजिटल दोन्हीवर कड अखंड. स्कोअर १, विषय संपला. दुसरा डाव्या पेरिफेरल झोनमध्ये, पाचरीसारखा, एडीसी किंचित कमी, कॉन्ट्रास्ट मात्र झटकन घेतलेला. डिफ्युजन २, म्हणून एकूण २. कॉन्ट्रास्टला फक्त डिफ्युजन ३ असताना मत द्यायचा अधिकार आहे, तेव्हा तो ३ चा ४ करतो. तिसरा उजव्या पेरिफेरल झोनमध्ये मिड-ग्लँडला, मागे-बाजूला, ११ मिमी. टी-२ वर तो डोळ्यात भरतही नव्हता. पण एडीसी ६४०, हाय-बी लख्ख. स्कोअर ४. बायोप्सीत उजवीकडे ग्लीसन ३+४ (मध्यम दर्जाचा कॅन्सर) आला, डावीकडून काढलेल्या तुकड्यात जुनी सूज.

कॉन्ट्रास्ट आणि पुढची तंत्रं

वर सांगितलं तेवढंच कॉन्ट्रास्टचं काम. दर १५ सेकंदांत किंवा त्याआधी एक फेरी, निदान दोन मिनिटं. २०२५ मध्ये आलेल्या प्राइम चाचणीत कॉन्ट्रास्टशिवायच्या वाचनानेही महत्त्वाचे कॅन्सर जवळपास तेवढेच सापडले. पण तिथे चित्रांचा दर्जा आधी तपासून घेतला होता. ज्यांचं डिफ्युजन गॅसने वाकलेलं आहे त्यांनी गॅडोलिनियम वाचवायला जाऊ नये. किडनी बरी नसेल किंवा पेशंट नको म्हणत असेल, तर चांगल्या टी-२ आणि डिफ्युजनवर बिनधास्त वाचा.

टिश्यूतली रसायनं मोजणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीचा एकेकाळी बोलबाला होता: सायट्रेट घटतं, कोलीन वाढतं. वेळ फार जायचा आणि भर फारशी पडायची नाही. पाय-रॅड्सच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती बाहेर.

संशोधनात डिफ्युजनचं गणित आणखी बारीक करण्याचे प्रयत्न चालू आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं व्हर्डिक्ट तंत्र अनेक बी-व्हॅल्यू वापरून सिग्नलचे तीन वाटे करतं: रक्तवाहिन्यांतला, पेशींबाहेरचा आणि पेशींच्या आतला. पेशींच्या आतला वाटा वाढला की कॅन्सरकडे कल. ल्युमिनल वॉटर इमेजिंग ग्रंथींच्या पोकळीत किती पाणी शिल्लक आहे ते टी-२ च्या मोजमापातून काढतं. डिफ्युजन कर्टोसिस पाण्याची वाट किती वेडीवाकडी आहे ते मोजतं. कल्पना सुंदर आहेत, पाय-रॅड्स ३ च्या घोळात उपयोगी पडतीलही. पण विक्रेत्याने त्यांचं सॉफ्टवेअर दाखवलं तर आधी विचारा, माझ्या मशीनवर रोजच्या पंचवीस-तीस मिनिटांत बसतंय का?

रिपोर्ट लिहिताना

"उजव्या बाजूला संशयास्पद डाग" या वाक्याने युरॉलॉजिस्टची सुई कुठे जाणार? बाजू, पातळी (वर बेस, मध्ये मिड, खाली एपेक्स), झोन, पुढे की मागे, माप, स्लाइस नंबर, एडीसीचा आकडा, आणि कॅप्सूलला किती लांब टेकलाय, हे सगळं लिहा. पाय-रॅड्सच्या ४१ भागांच्या नकाशावर खूण करून कागद जोडा. डाग चारपेक्षा जास्त असले तर सगळ्यात संशयास्पद चारच द्या.

डिफ्युजन वाकलेलं असेल तर तेही पहिल्याच परिच्छेदात लिहा. खराब चित्रावरचा "काही नाही" हा स्वच्छ रिपोर्ट समजला जातो, आणि पेशंट वर्षभर निर्धास्त राहतो.

स्कोअर ३ आला तर डेन्सिटी शेजारी लिहाच. ०.१५ च्या खाली असेल तर बरेच युरॉलॉजिस्ट पीएसएवर लक्ष ठेवून थांबतात, वर असेल तर बायोप्सीकडे झुकतात. स्कोअर १-२ असूनही डेन्सिटी जास्त असेल किंवा वडिलांना-भावाला हा कॅन्सर झालेला असेल, तर "एमआरआय निगेटिव्ह, पण बायोप्सीचा निर्णय क्लिनिकल" अशी ओळ टाका आणि फोन करून सांगा. आणि बायोप्सीचा रिपोर्ट मागवून घ्या, प्रत्येक वेळी. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या कंपाउंडरशी ओळख ठेवा. रिपोर्ट तिकडूनच लवकर मिळतो.